घोंगडी घ्यायचीय, खरी कशी ओळखायची आणि थेट विणकराकडून कुठं मिळेल?

पायवाट (४ जुलै, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय.

विषय घोंगडीचा आहे. आमच्याकडं (खटाव तालुका) बाबांची एक काळी घोंगडी होती, आजोबांनी बाजारातनं आणलेली, पन्नास वर्षं तरी वापरात असेल. बाबा झोपायचे तिच्यावर, खळ्यावर राखणीला जाताना तीच खांद्यावर, पावसात तिचीच खोळ करून डोक्यावर. मागच्या वर्षी ट्रंकेतनं काढली तर कसर लागून पार चाळण झालेली. बाबा काही बोलले नाहीत, दोन दिवस उन्हात टाकली आणि मग नेऊन वासराच्या अंगावर घातली.

यंदा त्यांना ७५ पूर्ण होतायत म्हणून म्हटलं नवी घेऊ. पुण्यात एका प्रदर्शनात स्टॉल होता, वर मोठी पाटी 'हातमागावरची शुद्ध लोकर', २८०० रुपये सांगितले, मी एक रुपया कमी करा म्हटलं नाही कारण हातच्या कामाला भाव करू नये हे घरातनंच शिकलोय. गावाला नेऊन दिली. बाबांनी हातात घेतली, नाकाजवळ नेली, दोन बोटांत चोळली आणि घडी घालून बाजूला ठेवली. म्हणाले, "चांगलीय रे, पर ही मेंढीची न्हवं."

मला खूप लागलं ते. पैशाचं नाही, पैसे गेले तर गेले, पण जो माणूस अजून मागावर बसतोय त्याला ते मिळायला हवे होते आणि मिळाले तिसऱ्याला. तर खरी कशी ओळखायची, आता कोण विणतंय, किती द्यावेत, सगळं सांगा.

सांगोलेकर (४ जुलै, रात्री ११:२५)

आधी घरातली तपासून घ्या. कडेचा एक धागा ओढून काढा आणि काडी लावा. मेंढीची लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास येतो, धागा तडतडत आखडतो, ज्योत लांब नेली की विझतो आणि राख बोटानं चुरली की भुगा होतो. अॅक्रिलिक असेल तर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो, तो चुरत नाही. मिश्र असेल तर थोडं हे थोडं ते.

दुकानात काडी कोण लावू देणार, तिथं हात आणि डोळे वापरायचे. हातानं कातलेलं सूत कधी एकसारखं नसतं, कुठं जाड कुठं बारीक, उजेडाला धरलं की लगेच दिसतं. टोकांना ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) दशा, म्हणजे सुटे धागे असतात. लोकरीत एखादं कुसळ, गवताची काडी अडकलेली सापडते, मेंढरं रानात हिंडलेली असतात ना. वजन लागतं चांगलं. आणि नवी घोंगडी ताठ असते पुठ्ठ्यासारखी, पहिल्याच दिवशी मऊ मऊ लागली तर मला शंका येते. अपवाद जावळाच्या घोंगडीचा, कोकराच्या पहिल्या लोकरीची असते, ती मऊ पण ती महागही असते आणि सहज मिळत नाही.

रंगाचंही बघा. घोंगडीला रंग देत नाहीत, मेंढीचा जो रंग तोच घोंगडीचा, म्हणजे काळी, पांढरी, करडी, तपकिरी आणि काठाला फार तर दुसऱ्या रंगाचे पट्टे. लालभडक निळी असली काही दिसली की पुढं चला.

पायवाट (५ जुलै, सकाळी ७:१०)

काडी लावली. मणी झाला.

चिंचोका (५ जुलै, दुपारी २:५०)

वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझं माहेर म्हसवडकडचं, आम्ही सनगर, म्हणजे घोंगडी विणणारे. आजोबा, वडील, दोन्ही चुलते सगळे मागावर होते, आता फक्त थोरले चुलते बसतात. त्यांना ६८ वर्षं झालीत.

लोकांना वाटतं घोंगडी म्हणजे विणणं. विणणं सगळ्यात शेवटी येतं हो. आधी धनगराकडनं लोकर आणायची, काळी पांढरी निवडायची, कुसळं काढायची, पिंजायची, मग बायका चरख्यावर सूत काततात, आमच्या घरात आई, काकू, आजी तिघी दिवसभर कातायच्या तरी सूत पुरायचं नाही. मग ताणा करायचा आणि ताण्याला खळ द्यायची. माझं इथलं नाव त्याच्यावरनंच घेतलंय.

खळ चिंचोक्याची. टरफल काढायचं, भिजत घालायचे, वाटायचे आणि चुलीवर रटरटत शिजवायचं, चिकट लापशीसारखं होतं. पहाटे गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा ताणून लावलेला असायचा आणि वडील मोठा कुंचा खळीत बुडवून पुढनं मागं, मागनं पुढं चालत राहायचे. लोकरीचे तंतू उभे असतात, एकमेकात अडकतात, कुंच्यानं ते खाली बसवायचे म्हणजे मागावर धागा तुटत नाही. हे ऊन चढायच्या आत उरकायचं आणि मग वाळायला ऊनच पाहिजे, ढग आले की वडिलांचा जीव खालीवर. शाळेला जाणारी पोरं ताण्याखालनं वाकून जायची, कोणी धक्का लावायचं नाही, ते गल्लीतल्या सगळ्यांना माहीत. आईच्या नखांच्या कडेला खळ वाळून पिवळट खपली धरलेली असायची, जेवायला वाढताना ती दिसायची मला. आता ती गल्ली सिमेंटची झालीय आणि दोन्ही बाजूला गाड्या लावलेल्या असतात, चुलते गावाबाहेर माळावर ताणा लावतात.

एवढं झालं की मग मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि आडव्या धाग्याचा धोटा फेकायचा.

नव्या घोंगडीला जो वास असतो ना तो लोकरीचा आणि चिंचोक्याचा मिळून असतो. तुमच्या बाबांनी नाकाजवळ नेली ती त्याच्यासाठीच.

मध्यममार्ग (५ जुलै, सायं ६:१५)

चिंचोका ताई, फार छान लिहिलंत. पण किंमतीचं बोला जरा. तुमचे चुलते किती घेतात? मी पुण्यामुंबईत चार हजार, पाच हजार ऐकलंय. पाचशे रुपयात ब्लँकेट मिळत असताना साध्या माणसानं एवढे का द्यावेत? आणि मला खटकतं ते हे की घोंगडी जर पाच हजारची झाली तर ती शहरातल्या दिवाणखान्यात शोभेला जाणार. जो धनगर, जो शेतकरी ती वापरायचा तो पानिपतच्या कारखान्यातलं ब्लँकेट पांघरणार. मग वाचलं काय?

चिंचोका (५ जुलै, रात्री ९:३०)

प्रश्न रास्त आहे, राग नाही. चुलते साध्या काळ्या घोंगडीचे साडेतीन हजार घेतात.

हिशोब असा की एका घोंगडीला दोन अडीच किलो लोकर जाते. दख्खनी मेंढीची एका कातरणीला साधारण पावकिलोच्या आसपास लोकर निघते, म्हणजे आठ दहा मेंढ्यांची लोकर एका घोंगडीत. त्यातली निवडताना वाया जाते ती वेगळी. सूतकताई, ताणा, खळ, विणणं धरून दोन माणसांचे सहा सात दिवस सहज जातात आणि ते पावसाळ्यात नाही होत. साडेतीन हजारात चिंचोके आले, सरपण आलं, लोकर आणायचं भाडं आलं. उरलेलं दिवसावर भागून बघा, आमच्याकडं द्राक्षाच्या बागेत छाटणीला जाणाऱ्याला रोजचे जास्त मिळतात. माझे दोन्ही चुलतभाऊ म्हणूनच मागावर बसले नाहीत, एक पुण्यात गाडी चालवतो, एक दुकानात आहे. त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं की परंपरा सांभाळा?

पाचशेचं ब्लँकेट किती वर्षं टिकतं ते तुम्हीच सांगा. पायवाट यांच्या घरात पन्नास वर्षं टिकली.

सांगोलेकर (५ जुलै, रात्री १०:०५)

मध्यममार्ग, तुम्ही जे होईल म्हणताय ते होऊन गेलंय. आमच्याकडं वाड्यावर (मेंढ्यांचा तळ, शहरातल्यांसाठी सांगतो) गेलात तर दहातल्या सात आठ जणांच्या अंगावर ब्लँकेटच दिसेल.

मुळात लोकरीचंच अवघड झालंय. वर्षातनं दोनदा मेंढ्या कातराव्या लागतात, नाही कातरल्या तर त्यांना उवा गोचिड होतात, उकाड्यानं हैराण होतात. कातरणाऱ्याला पैसे द्यावे लागतात आणि निघालेल्या लोकरीला गिऱ्हाईक नाही. मी स्वतः बघितलंय, कातरलेली लोकर ओढ्याकडेला ढीग घालून टाकलेली, पावसानं भिजून काळी पडलेली. ज्या लोकरीसाठी विणकर पूर्वी वाड्यावर चार चकरा मारायचे ती लोकर फेकतायत आणि तिकडं विणकर म्हणतोय चांगली लोकर मिळत नाही.

दोन्ही खरंय. चांगली का मिळत नाही, तर कळपच बदलले. दख्खनी मेंढी लोकरीची, काटक, कमी चाऱ्यावर भागवणारी. पण आता सगळा पैसा मटणात, म्हणून लोकांनी जत भागातली माडग्याळ धरली. ती उंच, कोकरू झपाट्यानं वाढतं, बाजारात भाव येतो, पण अंगावर लोकर म्हणावी अशी नाही, आखूड केस. दख्खनीला माडग्याळचा नर लावला की पुढच्या पिढीची लोकर घोंगडीच्या कामाची राहत नाही. धनगराचं काय चुकलं? त्याला लेकरं शिकवायचीत. लोकरीला किलोमागं चार पैसे मिळाले असते तर त्यानंही चार दख्खनी मेंढ्या वेगळ्या राखल्या असत्या.

म्हणून मी म्हणतो घोंगडी घेणाऱ्यानं विचारावं की लोकर कुठली, कोणाच्या मेंढरांची. विणकराला माहीत असतं. ज्याला सांगता येत नाही त्यानं सूत विकत आणलेलं असतं.

कोकणची_माहेरवाशीण (६ जुलै, सकाळी ११:००)

आमच्याकडे महाडजवळ भातकापणी झाली की घाटावरून मेंढ्या यायच्या. बाबा शेतात बसवायला सांगायचे, खत म्हणून, आणि धनगरांना भात द्यायचे. आम्ही पोरं संध्याकाळी मेंढ्या बघायला. त्यांच्यातली एक बाई चालता चालता हाताने सूत काढत असायची, नजर कळपावर आणि बोटं आपली चालूच. आमच्याकडे पावसाला इरलं, त्यांच्याकडे घोंगडी. एकदा भर थंडीत तिने आपली घोंगडी माझ्या धाकट्या भावावर टाकली होती, तो टोचते टोचते म्हणून रडला आणि दोन मिनिटांत झोपला.

इरलं विणणाराही आता आमच्या गावात एकच उरलाय. धागा सोडून बोलले, माफ करा.

रानफूल (६ जुलै, दुपारी १२:४५)

मी बचतगटांच्या मालाचे स्टॉल लावायला मदत करते, भीमथडी, महालक्ष्मी सरस अशा ठिकाणी बरीच वर्षं जातेय, म्हणून मधल्या माणसाची बाजू मांडते. सगळे मधले चोर नसतात. माणदेशातला विणकर पुण्यात दहा दिवस राहणार कुठं, खाणार काय, तेवढे दिवस माग बंद, आणि माल विकला नाही तर परत नेण्याचं भाडं. कोणीतरी आणून विकलं तर बिघडत नाही. बिघडतं कधी, तर विकणारा विणकराचं नाव गाव सांगत नाही तेव्हा. आमच्या स्टॉलला आम्ही प्रत्येक घोंगडीला चिठ्ठी अडकवतो, कोणी विणली, कुठल्या गावात, आणि त्याला किती दिले तेही लिहितो. पहिल्या वर्षी लोक हसले. आता लोक चिठ्ठी मागून घेतात आणि सांभाळून ठेवतात.

पायवाट, तुम्ही घेतलेल्या ठिकाणी असं काही होतं का?

पायवाट (६ जुलै, दुपारी १:३०)

काहीच नव्हतं ताई. विचारलं तर "आमचे कारागीर आहेत" एवढंच. मीही पुढं विचारलं नाही. ती चिठ्ठीची पद्धत फार आवडली.

वैद्यबुवा_नाही (६ जुलै, रात्री ८:२०)

एक विनंती. हल्ली घोंगडीवर झोपलं की सांधेदुखी जाते, रक्तदाब जातो, अमुक ऊर्जा मिळते अशा जाहिराती फिरतायत आणि त्याच्यावर दुप्पट भाव लावतायत. लोकर ऊब देते, घाम शोषते, पावसाचे थेंब बराच वेळ वरच राहतात, हे खरं आहे आणि एवढं पुरेसं आहे. औषध म्हणून विकू नका, घेऊ नका. ज्यांना लोकरीनं अंगाला खाज येते त्यांनी खाली सुती चादर घालावी. विणकराच्या कामाची किंमत त्याच्या कामावरच व्हावी.

सांगोलेकर (६ जुलै, रात्री ८:४०)

शंभर टक्के सहमत.

नवखा_८८ (७ जुलै, सकाळी ९:१५)

या कारागिरांना पीएम विश्वकर्मा योजनेतनं काही मिळत नाही का? आमच्या गावात सुताराला अवजारांचे पैसे मिळाले.

रानफूल (७ जुलै, सकाळी १०:५०)

त्या योजनेत (२०२३ ला सुरू झाली) १८ व्यवसाय आहेत, सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चर्मकार, शिंपी, टोपल्या विणणारे वगैरे. मागावरचा विणकर त्या यादीत नाही, विणकरांचं काम वस्त्रोद्योग खात्याकडं येतं, तिथं विणकर म्हणून ओळखपत्र काढावं लागतं. अडचण अशी होते की घोंगडीवाले विखुरलेले, एका गावात एखादं घर, इचलकरंजी सोलापूरसारखी मोठी वस्ती नाही, त्यामुळं नोंदणीचं शिबिर त्यांच्यापर्यंत येतच नाही. दोन जणांची कागदपत्रं मी हातानं भरून दिलीत. कोणाच्या ओळखीत कोणी मागावर बसत असेल तर एक दिवस काढून त्यांच्यासोबत जा, एकट्या म्हाताऱ्या माणसाला खिडकीवर उभं करू नका.

बाकी धनगर, विणकर, कारागीर यांतलं कोण आणि लोकर कुठल्या खात्यात मोडते हे कोणी सांगत नाही. हे आमचं कायमचं भिजत घोंगडं आहे.

मिरजेची_सून (७ जुलै, दुपारी ४:००)

नवी मिळेल तेव्हा मिळेल, आहे ती जपायची कशी ते लिहिते, आमच्याकडे सासूबाईंची अजून शाबूत आहे. मशिनमध्ये आणि गरम पाण्यात कधीही टाकू नका, लोकर आटते आणि गच्च होते. गार पाण्यात रिठा, पायानं हलकं तुडवायचं, पिळायची नाही, आडवी पसरून सावलीत वाळवायची. वर्षात एकदा पुरे. दर दोन महिन्यांनी ऊन दाखवायचं आणि काठीनं झटकायची. कसर अंधारात आणि बंद पेटीत लागते, वापरातल्या घोंगडीला सहसा लागत नाही. ठेवायचीच असेल तर सुती कापडात, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको.

मध्यममार्ग (७ जुलै, रात्री ९:५५)

मी माझा मुद्दा थोडा मागं घेतो. चिंचोका ताईंचा हिशोब दोनदा मांडून बघितला. पण एक सांगतो, मी शिक्षक आहे, मला साडेतीन हजार एकदम जड जातात. तुमचे चुलते हप्त्यानं देतील का? किंवा अर्धी, म्हणजे बसायला आसन अशी लहान करतात का?

चिंचोका (८ जुलै, सकाळी ६:४०)

आसनं करतात सर. आणि निम्मे आधी निम्मे घोंगडी हातात आल्यावर अशीच त्यांची पद्धत आहे. आगाऊ मिळाले तर उलट बरंच, लोकर घ्यायला लागतात.

पायवाट (२१ जुलै, रात्री ११:१५)

मंडळी, जाऊन आलो. चिंचोका ताईंनी काकांचा पत्ता दिला, बाबांना घेऊनच गेलो, दोन तास लागले आम्हाला.

काकांनी चहा केला. मागाच्या खोलीत बल्ब एकच आहे आणि खड्ड्याच्या काठाची माती इतक्या वर्षांच्या बसण्यानं अशी गुळगुळीत झालीय की शेणानं सारवल्यासारखी चमकते. बाबा आधी दारातच उभे राहिले. मग काका म्हणाले, "या, हात लावून बघा," आणि बाबांनी मागावर चढवलेल्या अर्ध्या घोंगडीवरनं तळवा फिरवला, वाकून वास घेतला, आणि मला म्हणाले, "हां." एवढंच. पुढचा तासभर दोघं मेंढरं, दुष्काळ, बैल, कुठल्या सालच्या यात्रेत काय झालं ह्याच्यावर बोलत बसले, मी मधे नव्हतोच.

तयार एकही नव्हती. दोन शिल्लक होत्या त्या गेल्या महिन्यात गेल्या. मी म्हटलं आम्हाला वाढदिवसाला पाहिजे होती, जास्त देतो. काका म्हणाले जास्त नको, लोकर दिवाळीच्या सुमारास कातरली की येईल, ती चांगली असते, आता ढगात खळ वाळत नाही, घाईनं केली तर दोन वर्षात भुसा होईल. बाबाच म्हणाले थांबू की, मला कुठं जायचंय. निम्मे पैसे देऊन आलो. काळी, काठाला दोन पांढऱ्या पट्ट्या, बाबांच्या जुन्या घोंगडीला होत्या तशाच.

निघताना काकांनी बाबांची उंची मापून घेतली, दाराच्या चौकटीला उभं करून, हातानं. मी विचारलं मापाची असते का, तर म्हणाले, "खोळ करायची असंल तर पायापातूर आली पायजे."

प्रदर्शनातली परत करायला गेलो नाही. गाडीच्या सीटवर टाकलीय.

कोकणची_माहेरवाशीण (२२ जुलै, सकाळी ९:३०)

वाचताना डोळ्यात पाणी आलं. मलाही एक सांगायची आहे, भावाच्या नातवाला. नंबर मिळेल का?

मध्यममार्ग (२२ जुलै, सकाळी ९:५०)

मला आसन. मलाही नंबर द्या.

चिंचोका (२२ जुलै, दुपारी १:०५)

दोघांनाही व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. काका फोन उचलत नाहीत बऱ्याचदा, मागाच्या खटखटीत ऐकू येत नाही, दोनदा तीनदा लावा. आणि दिवाळीनंतर करणार असाल तर सकाळी अकराच्या आत करू नका, खळीचा वेळ असतो.